औषध एकाचे, पथ्य घराचे

मराठीत ‘मुरूम’ हा शब्द दोन ठिकाणी नांदतो. एक मुरूम रस्त्यावर पसरतात. दुसरा तारुण्यात चेहऱ्यावर उठतो. सरकारी नोकरीत माझा संबंध आजवर बहुधा पहिल्याच मुरमाशी आला. छत्तीसगडच्या तांबड्या जमिनीत तो विपुल सापडतो, त्याच्या खाणींचे परवाने निघतात, त्याची मोजमापे फायलींत येतात आणि त्यावरून तंटेही होतात. दुसऱ्या मुरमाची मात्र कोणत्याच दप्तरात नोंद होत नाही. ज्याच्या चेहऱ्यावर तो उठला त्याने तो आरशात न्याहाळावा, परक्यांनी पाहून न पाहिल्यासारखे करावे आणि आप्तांनी पाहताच एखादा घरगुती उपाय सुचवावा, अशीच काहीशी त्याची व्यवस्था आहे. “वयाचा दोष आहे, जाईल आपोआप,” हे त्यावरचे वडीलधाऱ्यांचे ठरलेले उत्तर.

पुष्कळांच्या बाबतीत ते उत्तर खरेही ठरते. पण काही मुलामुलींच्या वाट्याला हा दोष जरा निष्ठुरपणे येतो. गालांवर, हनुवटीवर, पाठीवर वाटाण्याएवढ्या दुखऱ्या गाठी उठतात, त्यांत पू होतो आणि त्या बसल्या तरी मागे कायमचे खळगे ठेवून जातात. मुलगा चारचौघांत बसेनासा होतो. मुलगी छायाचित्र काढू देत नाही. नेहमीची मलमे व गोळ्या यांना न जुमानणाऱ्या अशा मुरमांसाठी त्वचारोगतज्ज्ञ एक जहाल औषध देतात. त्याचे नाव आयसोट्रेटिनॉइन. औषध गुणकारी आहे, तसेच ते कडकही आहे. ते घेत असताना रोजचे दिवस कसे काढावेत, याविषयी आज मला चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. मी वैद्य नव्हे. आमच्या घरी राहून शिकणाऱ्या एका तरुण आप्ताचा सहा महिन्यांचा औषधक्रम मी जवळून पाहिला, जाणत्या डॉक्टरांना प्रश्न विचारले आणि जे वाचावयास मिळाले ते वाचले, एवढाच माझा अधिकार. त्यातून माझ्या मनात एकच विचार पक्का झाला. हे औषध गिळतो एक जण. पण त्याचे पथ्य साऱ्या घराला ठाऊक असावे लागते. लपवून घेण्याचे हे औषध नव्हे.

प्रथम रोगाची ओळख करून घेऊ. आपल्या पूर्वजांना तो अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या यादीत ‘मुखदूषिका’ येते. तरुणांच्या मुखावरील या पुटकुळ्यांना तेथे शाल्मलीच्या, म्हणजे काटेसावरीच्या, काट्यांची उपमा दिलेली आहे. सावरीचे खोड ज्याने पाहिले आहे त्याला त्या उपमेतील निरीक्षण लगेच पटेल. आजचे शास्त्र या काट्यांचे मूळ त्वचेखालच्या तैलग्रंथींत शोधते. केसांच्या मुळाशी असलेल्या या ग्रंथी वयात येताना शरीरातील संप्रेरकांच्या प्रभावाने अधिक तेल पाझरू लागतात. ते बाहेर आणणाऱ्या बारीक नळीच्या तोंडाशी मृत पेशींचे बूच बसते. आत तेल साचते, त्यावर त्वचेवर नेहमीच वसणारे जंतू पोसतात आणि शरीर त्यांच्याशी झगडू लागले की लाली, सूज व पू ही सेना उभी राहते. चेहरा मळका राहिल्याने मुरमे येतात, हा समज यावरून टिकत नाही. दिवसातून दहा वेळा साबण लावणाऱ्यालाही ती येतात. किंबहुना त्या घासण्याने ती अधिक चिडतात.

आयसोट्रेटिनॉइन हे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातील औषध आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत काम करणारे गॅरी पेक व त्यांचे सहकारी यांनी १९७९ साली आपला एक अनुभव प्रसिद्ध केला. इतर उपायांनी बरे न झालेल्या, गाठींच्या मुरमांच्या १४ रुग्णांना त्यांनी हे औषध दिले होते. त्यांपैकी १३ जणांचा रोग पूर्णपणे निवळला आणि औषध थांबविल्यावरही तो महिनोन्‌महिने परतला नाही. १९८२ साली अमेरिकेत या औषधाच्या विक्रीस अनुमती मिळाली. पुढे ते जगभर पसरले; आज भारतात अनेक कंपन्या ते तयार करतात आणि रायपूरसारख्या शहरात ते सहज उपलब्ध आहे. तैलग्रंथी आकसणे, तेलाचा पाझर कमालीचा घटणे, नळीचे बूच सुटणे आणि दाह शमणे, ही चारही कामे हे एकच औषध करते. म्हणूनच ते इतके प्रभावी आहे.

त्याच्या उपद्रवांचे मूळही याच गुणात आहे. जे औषध चेहऱ्यावरील तेल आटविते ते ओठांची, डोळ्यांची आणि नाकाची ओलही कमी करते. त्याला शरीराचा एखादाच कोपरा निवडता येत नाही. हे एकदा ध्यानात आले की पुढची सारी पथ्ये मनाला पटतात आणि पाळणे सोपे जाते.

औषधाची मात्रा वजनावर ठरते. प्रचलित पद्धतीत साऱ्या क्रमात मिळून वजनाच्या दर किलोमागे १२० ते १५० मिलिग्रॅम औषध पोटात जावे, असे धरतात. साठ किलो वजनाच्या तरुणाला याप्रमाणे एकूण ७,२०० ते ९,००० मिलिग्रॅम लागेल. रोज ४० मिलिग्रॅम घेतल्यास १८० ते २२५ दिवस. हा हिशेब करण्याचा अधिकार डॉक्टरांचा, तो येथे मांडला तो एवढ्याचसाठी की, दोन महिन्यांत चेहरा स्वच्छ दिसू लागताच “आता कशाला?” म्हणून मध्येच औषध सोडणाऱ्यांना आपण किती अंतर चाललो आणि किती राहिले हे कळावे. उलट, एखाद्या दिवशी कॅप्सूल राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

पहिल्या महिन्यात आणखी एक परीक्षा असते. काहींच्या चेहऱ्यावर आरंभी मुरमे कमी होण्याऐवजी वाढतात. घरात कुजबुज सुरू होते, शेजारच्या काकू औषध बंद करण्याचा सल्ला देतात आणि रुग्णाचा धीर सुटतो. ही वाढ बहुधा तात्पुरती असते. फार झाल्यास डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा सोबत दुसरा उपाय देतात. हे आधी ठाऊक असलेली आई मुलाला धीर देते. ठाऊक नसलेली आई त्याच मुलाच्या हातात कुठलेसे गोरेपणाचे मलम ठेवते. अशा मलमांपैकी काहींत स्टेरॉइड असते. त्याने चार दिवस चेहरा उजळतो आणि मग त्वचा पातळ, लाल व परावलंबी होऊन बसते. हा दुरुपयोग देशात इतका बोकाळला होता की, २०१८ साली केंद्र सरकारला अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकली जाऊ नयेत यासाठी नियम कडक करावे लागले.

आता स्वयंपाकघरात येऊ. हे औषध स्निग्धाबरोबर रक्तात उतरते. नेहमीची कॅप्सूल उपाशीपोटी घेतली तर स्निग्ध जेवणाबरोबर घेतल्याच्या मानाने तिचा जेमतेम निम्मा अंश कामी येतो. छत्तीसगडात उन्हाळ्यात ‘बासी’ खाण्याची रीत आहे. रात्रीचा भात पाण्यात भिजत ठेवायचा आणि सकाळी मीठ, कांदा व मिरची यांच्यासह खायचा. उन्हाच्या दिवसांत याच्यासारखे थंड अन्न नाही आणि इथली मराठी घरेही आता ते आवडीने खातात. परंतु बासीत स्निग्धांश जवळजवळ नसतो. तिच्याबरोबर कॅप्सूल घेणे म्हणजे निम्मे औषध वाया घालविणे. दुपारचे वरण-भात-तूप किंवा रात्रीची पोळी-भाजी यांबरोबर ती घ्यावी. एकादशीचा उपास असेल तर शेंगदाण्याच्या कुटाची साबुदाण्याची खिचडी हे काम उत्तम करील. निर्जळी उपासाच्या दिवशी काय करावे ते आधी डॉक्टरांना विचारावे. याचा अर्थ तळलेल्या पदार्थांवर ताव मारावा असा मात्र नव्हे. हे औषध रक्तातील ट्रायग्लिसराइड नावाची चरबी वाढवू शकते आणि यकृतावरही त्याचा ताण पडू शकतो. म्हणून आरंभी आणि पुढे महिन्या-दोन महिन्यांनी रक्त तपासून घेतात. ती तपासणी टाळू नये आणि या काळात मद्य वर्ज्य मानावे.

‘अ’ जीवनसत्त्वाचे नाव ऐकून काही घरांत गाजर, पपई आणि मुनग्याचा पाला यांवर बंदी येते. तिची गरज नाही. भाज्यांतील रंगद्रव्यापासून शरीर आपल्या गरजेपुरतेच जीवनसत्त्व बनविते. धोका आहे तो जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा आणि माशांच्या यकृताच्या तेलाचा. नागपूरच्या मावशीने “किती रोडावला आहेस” म्हणून प्रेमाने शक्तीच्या गोळ्यांची बाटली पाठविली, तर तीवरील मजकूर वाचावा आणि त्यात ‘अ’ जीवनसत्त्व आढळल्यास बाटली प्रेमानेच बाजूला ठेवावी. एकाच कुळातील दोन औषधे मिळून विषाची बाधा करू शकतात. मावशीला औषधाविषयी सांगितलेले असेल, तर ही बाटली येणारच नाही.

त्वचेचे पथ्य सोपे, पण रोजचे आहे. ओठ फुटणे हा उपद्रव जवळजवळ प्रत्येकाला होतो. इतका की, ज्याचे ओठ मुळीच सुकले नाहीत तो औषध नीट घेतो की नाही अशी शंका डॉक्टरांना येते. ओठांना दिवसातून अनेक वेळा व्हॅसलीन लावावे, जिभेने ते ओले करू नयेत आणि सुटलेली साल ओढू नये. नाक सुकून रक्त येऊ लागल्यास नाकपुडीच्या कडेला आतून हलक्या बोटाने तेच लावावे. स्नान कोमट पाण्याने व सौम्य साबणाने करावे आणि अंग ओलसर असतानाच वास नसलेले मॉइश्चरायझर लावावे. लिंबू, बेसन, मुलतानी माती यांनी घासणे बंद. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान जरूर करावे, पण खरखरीत उटणे त्या वर्षापुरते इतरांनी लावावे. डोळे कोरडे पडल्यास डॉक्टर कृत्रिम अश्रूंचे थेंब देतात. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी काही महिने चष्म्याशी मैत्री करावी.

आणि ऊन! रायपूरच्या श्रोत्यांना उन्हाविषयी सांगणे म्हणजे कोकणच्या श्रोत्यांना पावसाविषयी सांगण्यासारखे आहे. मे महिन्यात येथे पारा ४४-४५ अंशांना टेकणे नवलाचे नाही. रोहिणी नक्षत्रात सूर्य आला की नवतपा सुरू होतो आणि दुपारी रस्ते ओस पडतात. या औषधाने त्वचेची ऊन सोसण्याची शक्ती घटते. म्हणून शक्य तर औषधक्रमाचा आरंभ पावसाळ्यात किंवा हिवाळ्याच्या तोंडी करता येईल का, हे डॉक्टरांना विचारून पाहावे. ते न जमल्यास दहा ते चार घराबाहेर पडणे टाळावे, बाहेर पडताना टोपी, छत्री आणि तीसहून अधिक मात्रेचे सनस्क्रीन वापरावे. येथील मुली दुचाकीवर तोंडाला ओढणी गुंडाळून जातात. ती चाल फार शहाणपणाची आहे. औषधाची पाकिटे मात्र दुचाकीच्या डिकीत ठेवू नयेत. तेथे उन्हाने भट्टी पेटते; घरात थंड, अंधाऱ्या जागी आणि लहान मुलांच्या हाताबाहेर ती ठेवावीत.

आता हळूहळू आपण घराबाहेर येत आहोत आणि घराबाहेरच्या माणसांनाही हे औषध ठाऊक असावे लागते. ब्यूटी पार्लरमधील बाईंना ते सांगितले नाही, तर वॅक्सिंगच्या पट्टीबरोबर त्वचेचा पापुद्राच निघून येतो. औषध चालू असताना आणि संपल्यावरही सुमारे सहा महिने वॅक्सिंग करू नये, असा सल्ला दिला जातो. क्रिकेट खेळणाऱ्या किंवा व्यायामशाळेत वजने उचलणाऱ्या तरुणाचे स्नायू व सांधे दुखू शकतात. त्याच्या शिक्षकाला कारण कळले तर तो काही दिवस बेताने घेईल. काहींची रात्रीची दृष्टी मंदावते, तीही एकाएकी. अशा माणसाने रात्री दुर्ग-भिलाईच्या रस्त्याने गाडी हाकणे धोक्याचे. ती दुसऱ्या कोणी चालवावी. रक्तदान शिबिरात नाव देणाऱ्याने औषध चालू असेपर्यंत आणि नंतर एक महिना रक्त देऊ नये. कारण ते रक्त एखाद्या गर्भवतीच्या शरीरात जाऊ शकते. तापासाठी आपण ज्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जातो त्यांनाही सांगितले पाहिजे. त्यांनी डॉक्सिसायक्लिन किंवा त्याच वर्गातील औषध दिले, तर दोहोंच्या संयोगाने मेंदूभोवतीचा दाब वाढण्याचा संभव असतो. तीव्र डोकेदुखी, ओकारी आणि दृष्टी धूसर होणे ही त्याची लक्षणे. ती दिसताच कॅप्सूल थांबवून तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

मनाची गोष्ट यापेक्षा नाजूक आहे. या औषधाने खिन्नता येते काय, यावर तज्ज्ञांत पुष्कळ वाद झाला आहे आणि दोन्ही बाजूंचे पुरावे पुढे आले आहेत. मुळात विद्रूप करणारी मुरमे हीच मनाला खिन्न करतात आणि ती बरी झाल्यावर अनेकांचे मन उमलते. तथापि काहींच्या बाबतीत औषध चालू असताना मन काळवंडल्याच्या नोंदी आहेत. म्हणून सावध राहणे श्रेयस्कर. आणि हे काम रुग्ण एकट्याने करू शकत नाही. आपण खचत चाललो आहोत हे खचणाऱ्याला शेवटी कळते. ते आधी कळते ताटावर समोर बसणाऱ्याला. झोप उडाली, बोलणे आटले, अभ्यासातून आणि मित्रांतून लक्ष गेले, जगण्याचा कंटाळा बोलून दाखविला, तर त्याला ‘नखरे’ म्हणू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या ‘टेलिमानस’ या सेवेचा १४४१६ हा क्रमांकही अशा वेळी फिरवता येतो.

एवढे सारे सांगितल्यावर मी त्या गोष्टीकडे येतो, जिच्यासाठी हे भाषण करावेसे वाटले. आयसोट्रेटिनॉइन हे गर्भाला अत्यंत घातक आहे. गर्भारपणात ते पोटात गेले तर गर्भपात होण्याचा संभव मोठा असतो आणि जगलेल्या बालकांपैकी सुमारे २० ते ३५ टक्क्यांत गंभीर जन्मजात व्यंग आढळते. कान नसणे किंवा अपुरे असणे, चेहऱ्याची ठेवण बिघडणे, हृदयात दोष राहणे, मेंदूची वाढ खुंटणे, अशी ती व्यंगे आहेत. थोडे दिवस घेतले म्हणून किंवा कमी मात्रेत घेतले म्हणून धोका टळतो, असे नाही. अमेरिकेत औषध बाजारात आल्यानंतर वर्षभरातच अशी बालके जन्मल्याच्या बातम्या येऊ लागल्या आणि अखेर २००६ साली तेथे डॉक्टर, दुकानदार व रुग्ण या तिघांनाही नोंदणीने बांधणारी योजना अमलात आणावी लागली. आपल्याकडेही हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाही आणि वेष्टनावर गर्भवतीसाठी इशारा असतो. परंतु वेष्टनावरचा इशारा बारीक अक्षरांत असतो आणि पाकिटातील दहा कॅप्सूलांपैकी चार कापून मैत्रिणीला दिल्या की तो इशारा मागेच राहतो. वसतिगृहात असे देणेघेणे चालते. वही द्यावी, पुस्तक द्यावे, प्रसंगी डबाही द्यावा. हे औषध मात्र सख्ख्या बहिणीलाही देऊ नये.

नियम स्पष्ट आहे. स्त्रीने औषध सुरू करण्यापूर्वी गर्भ नाही याची तपासणी करून घ्यावी. आरंभापूर्वी एक महिना, औषध चालू असताना आणि शेवटच्या कॅप्सूलनंतर एक महिना गर्भ राहू देऊ नये आणि त्यासाठी खात्रीचे गर्भनिरोधक साधन वापरावे. त्यातूनही पाळी चुकली तर औषध त्याच क्षणी थांबवून न लाजता डॉक्टरांकडे जावे. येथे एक दिलासाही द्यावयास हवा. हे औषध शरीरात साचून राहत नाही. शेवटच्या कॅप्सूलनंतर पूर्ण एक महिना लोटला की पुढे राहणाऱ्या गर्भाला त्याचा धोका उरत नाही. “हे औषध घेतलेल्या मुलीला मूल होत नाही,” ही अफवा आहे आणि ती अनेक मुलींना औषध लपवावयास लावते. पुरुषांनी औषध घेतल्यास पत्नीच्या गर्भाला धोका असल्याचा पुरावा नाही. कॅप्सूल वाटू नयेत आणि रक्त देऊ नये, हे दोन नियम मात्र त्यांनाही आहेत.

नियम स्पष्ट असूनही तो अडतो कोठे? तो अडतो आपल्या संकोचाशी. रायपुरातील मराठी घरांचेच पाहा. भोसल्यांच्या अमलापासून मराठी माणसे या प्रदेशात येत राहिली, मागाहून नोकरीनिमित्त आणखी आली आणि १९३५ साली त्यांनी येथे महाराष्ट्र मंडळ स्थापन केले. दोन-तीन पिढ्या येथे वाढलेली ही घरे सोयरीक पाहावयाची म्हणजे नागपूर, अमरावती, पुण्यापर्यंत दृष्टी टाकतात. अंतर लांबचे, तेव्हा माणसाच्या आधी छायाचित्र जाते. त्या छायाचित्रासाठी मुलीच्या चेहऱ्यावर इलाज सुरू होतो. इलाज चालू असतानाच स्थळ जुळते, मुहूर्त निघतो, लग्न होते. मुरमांचे औषध चालू होते हे सासरी सांगावयाचे कसे? म्हणून पाकीट साड्यांच्या घडीत जाते. नवऱ्याला ठाऊक नाही, सासूला ठाऊक नाही. आणि पहिल्याच महिन्यापासून घरातील थोरल्या बायका गोड बातमीची वाट पाहू लागतात. या परिस्थितीत दोष कोणा एकीचा नसतो. परंतु होणारी हानी मात्र अशा जिवाची होते, ज्याला या संकोचाविषयी काहीच ठाऊक नाही.

म्हणून माझी विनंती तिघांना आहे. मुलीच्या आईने डॉक्टरांच्या खोलीत गर्भाविषयीचा प्रश्न निघाला की मान वळवू नये. डॉक्टर तो प्रश्न प्रत्येक स्त्रीला विचारतात, तो तिच्या शीलावरचा संशय नव्हे. डॉक्टरांनी मुलीशी काही वेळ एकटीशी बोलावे असे म्हटले, तर आईने खुशाल बाहेर बसावे. लग्न ठरले असेल तर मुलीने मुहूर्ताची तारीख डॉक्टरांना अवश्य सांगावी; औषधक्रम त्याआधी संपविता येतो, थांबविता येतो किंवा लग्नानंतरच्या खबरदारीची योजना आखता येते. आणि तिसरी विनंती वराला. मुलीने विश्वासाने औषधाचे नाव सांगितले, तर त्याकडे व्यंग म्हणून पाहू नये. ज्वर आला तर औषध घेतो, तसेच हेही घेतलेले असते. खबरदारीचा अर्धा भार त्याने उचलावयाचा आहे.

या विषयात सल्ल्यासाठी दूर जाण्याची गरज उरलेली नाही. रायपूरचे वैद्यकीय महाविद्यालय १९६३ सालचे. अलीकडे २०१२ पासून येथे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थाही उभी आहे आणि दोन्ही ठिकाणी त्वचारोगाचा विभाग आहे. इतर शहरांतील श्रोत्यांनाही जिल्ह्याच्या ठिकाणी त्वचारोगतज्ज्ञ भेटू शकतील. साध्या मुरमांना हे औषध लागतच नाही. त्यांना मलमे पुरतात, हेही तेच सांगतील. दुकानदाराच्या किंवा मित्राच्या भरवशावर मात्र हे औषध सुरू करू नये.

आपल्या प्रत्येक घरात भिंतीवर एक दिनदर्शिका असते. दूधवाल्याचे खाडे, गॅसच्या टाकीची तारीख, विजेचे बिल, कोणाचा वाढदिवस, सारे तिच्यावर लिहिलेले असते. ज्या घरात हे औषध चालू असेल त्या घराने तिच्यावर आणखी चार नोंदी कराव्यात: औषध सुरू झाल्याचा दिवस, रक्त तपासण्याचे दिवस, शेवटच्या कॅप्सूलचा दिवस आणि त्यानंतर एक महिना पूर्ण होण्याचा दिवस. येता-जाता त्या सर्वांच्या दृष्टीस पडतील. ज्या घरात त्या उघडपणे लिहिता येतात, त्या घरातील मुलामुलीला हे औषध घेताना एकटे वाटणार नाही आणि त्याचे पथ्यही चुकणार नाही.